हाताची पाठ

न्हाय न्हाय पावणं, तिथं नगं, खिडकीखाली वारं येतंय — हिकडं भिंतीच्या कडंला ठेवा तुमचं क्रेट, आन् शाल काढू नका एवढ्यात. हातकणंगल्यापासनं गाडीत आलाय त्यो, जरा दम खाऊ द्या त्येला. बसा तुमीबी. खुर्चीवरचा पेपर सारा तिकडं. गाडी तालमीफुडं लावली न्हवं? मग काय काळजी न्हाय, आज मॅच हाय, सगळी पोरं ग्राउंडावर गेल्यात, कोण हात लावत न्हाय. तर मी काय सांगत हुतो — व्हय, पेटी. तुमी फोनवर म्हणालासा की पैल्यांदा जागा बघणार आन् मगच इग्वाना देणार. मला ते आवडलं, खरं सांगतो. लोक पोरगी देताना एवढं बघत न्हाईत. मास्तर हायसा न्हवं तुमी? वाटलंच. मास्तर लोक पाढं पाठ असल्याबिगर पुढं जाऊ देत न्हाईत. बघा की मग, उठा, जवळ जाऊन बघा. काच सरकवायची न्हाय फकस्त, ऊब जाती.

हे कपाट हुतं. तेजूच्या आईचं, साड्यांचं. तेजू म्हंजे माझी पोरगी, तेजस्वी, परभणीला जनावरांच्या डॉक्टरकीला हाय, शेवटच्या वर्साला. तर तिची आई गेल्यावर कपाट रिकामंच पडलतं, आन् पोरीनं कुठनं तरी ह्यो परदेशी सरडा आणला, हाताएवढा, वाढत वाढत शेपूट धरून चार फूट झाला, मग मी म्हणलं आता ह्येला घर पायजे. दोन रविवारात केलं बघा. वरनं दिसतंय ते प्लायवुड. त्याच्या आत ही — वाजवून बघा, वाजवा की, ठप्प वाजतंय न्हवं? पोकळ न्हाय. आत सिरॅमिकची लोकर हाय, भट्टीची. पांढरी, गादीसारखी येती, अंगाला लागली तर दोन दिवस खाज सुटती. एक थर न्हाय, तीन थर. आन् त्येच्या आत परत सिमेंटचा पत्रा, म्हंजे लोकर जनावराच्या नाकातोंडात जायाची न्हाय. काच डबल हाय, मधी बोटभर मोकळी जागा. मी भट्टीचा लायनिंग मिस्त्री हाय पावणं. शिरोलीच्या फाउंड्रीत एकतीस वर्सं काढली. लोखंड वितळतंय त्या भट्टीला आतनं अस्तर ठोकायचं, तेवढंच काम. ऊब आत धरायची, बाहेर येऊ द्यायची न्हाय. बाहेर आली तर माणूस मरतंय, म्हणून हयगय करून चालत न्हाय. मग एका सरड्याला उबंत ठेवायचं मला काय अवघड?

पण न्हाय, अवघड हाय. ते मला पोरीनं शिकवलं. भट्टी म्हंजे सगळीकडनं सारखी तापली पायजे, आन् ह्येचं उलटं. ह्येच्या अंगात सोताची ऊब न्हाय. आपल्यासारखं घाम येणं, काटा येणं, तसलं काय न्हाय. गरम व्हायचं तर उबंला जायाचं, गार व्हायचं तर उबंपासनं लांब जायाचं, म्हंजे दोन बाजू लागत्यात. ही वरची फांदी, दिव्याखालची, ही गरम बाजू, चौतीस. ती खालची, डाव्या अंगाची, ती गार बाजू, सव्वीस. दिवा जाळीत ठेवलाय, म्हंजे अंगाला चिकटत न्हाय. ही खाली भोकं आन् ती वर भोकं, हवा फिराय पायजे. आन् ही दोन वायरी दिसत्यात, त्यांच्या टोकाला सुया हाईत, त्या हिकडं मीटरवर आकडं दाखवत्यात. आत्ता किती हाय? वाचा. चष्मा न्हाय माझा. चौतीस आन् सव्वीस न्हवं? झालं तर मग. एक डिग्री हिकडं तिकडं न्हाय. चौतीसच्या वर गेलं की हा डबा दिवा बंद करतोय, टक् करून, खाली आलं की परत टक्. पोरीनं बसवलाय तो डबा.

रोज सातला फोन येतोय तिचा, मेसमधी जेवायला जायाच्या आधी. काय बोलती? दुसरं काय न्हाय. "आण्णा, गरम बाजू?" चौतीस. "गार बाजू?" सव्वीस. "खाल्लं काय त्यानं?" शेवग्याचा पाला खाल्ला, जास्वंदीची दोन फुलं खाल्ली. "बरं, ठेवते." झालं. आमच्या बापलेकीत दुसरं बोलणं ऱ्हायलेलंच न्हाय तिची आई गेल्यापासनं. भांडण बिंडण न्हाय हो, तसलं काय न्हाय. बोलणारी तीच हुती, आमी दोघं ऐकणारी. आता दोन्ही ऐकणारीच ऱ्हायली तर कोण काय बोलणार? पण हे आकडं तेवढं हाईत. ती इचारती, मी सांगतो. बरं वाटतंय. म्हंजे वाटायचं.

हाताचं? काय न्हाय ते, भाजलंय जरा, पट्टी उगंच मोठी बांधली दवाखान्यातल्या पोरीनं. चहा ठेवू काय? नगं? बरं. पाणी तरी घ्या. ते तांब्यात हाय.

तर — कुठला जुना इग्वाना? व्हय, व्हय, पेटी वापरलेली दिसती, बरोबर हाय तुमचं, फांदीवर नखाचं ओरखडं हाईत. मास्तरांच्या नजरंतनं काय सुटत न्हाय. हुता की एक. मी मगाशी सांगिटलं न्हवं, पोरीनं आणला म्हणून. सरपंच नाव हुतं त्येचं. तेजूनंच ठेवलं. वरच्या फांदीवर बसायचा, खाली बघायचा आन् मान हलवायचा, हां हां करून, आन् काम काय करायचा न्हाय. गल्लीतल्या बायका बघायला यायच्या आन् म्हणायच्या, नाव शोभतंय. मेला त्यो. गारठ्यानं. मागल्या म्हयन्यात लाईट गेलती दोन तास, थंडी केवढी पडलती आठवतंय न्हवं तुमाला, त्यात गारठला. काय करणार? जनावरच ते. आता पोरगी संक्रांतीला येणार, तिला वाईट वाटंल, म्हणून तुमची जाहिरात बघितली आन् फोन केला. एवढंच हाय. तुमचीबी बदली झालीया, मालकीणबाई लेकराला घेऊन माहेरला जाणार, तुमालाबी सोडायचाच हाय. दोघांचंबी भागतंय.

काय म्हणालासा?

न्हाय, ते — हां. बरोबर हाय. तीन थर लोकर, डबल काच, दोन तासात काय गारठणार? बरोबर इचारलंसा. मीच सांगत बसलो मगाशी, वाजवून बघा, ठप्प वाजतंय म्हणून. मीच बांधली आन् मीच — दोन तासात ह्या पेटीत चार डिग्री उतरत न्हाईत. मी मोजलंय. आठ तास लाईट गेली तरी ह्यो मरायचा न्हाय गारठून. मग कशानं मेला?

आता बसा की खाली. उभं ऱ्हाऊन ऐकायची गोष्ट न्हाय ती.

भट्टीवर आमची एक पद्धत हाय. आता पोरांच्या हातात पिस्तुलासारखी यंत्रं आल्यात, लांबनं लाल ठिपका टाकायचा आन् आकडा वाचायचा. आमच्या वेळंला न्हवतं ते. आमी हाताची पाठ धरायचो. तळहात न्हवं, तळहात कामानं जाड झालेला असतोय, त्येला काय कळत न्हाय. पाठ. साच्यापासनं चार बोटं लांब धरायची, मनात पाच म्हणायचं आन् सांगायचं, वाळलाय का न्हाय, ओतायचं का थांबायचं. एकतीस वर्सांत माझा हात चुकला न्हाय. मालक यंत्र घेऊन आला तरी मला बोलवायचा, मिस्त्री, तेवढं हात लावून सांगा. यंत्र एक सांगायचं आन् मी एक सांगायचो, आन् भट्टी माझं ऐकायची. तो माज असतोय माणसाच्या डोस्क्यात. असणारच. दुसरं काय हाय माझ्याकडं?

तर त्या दिवशी सकाळी मी पेटीत हात घातला. रोज घालतो, मीटर वाचायच्या आधी, सवय हाय, आन् मीटर चौतीस म्हणला की मलाबी चौतीसच वाटायचं. फांदीवर, दिव्याखाली, पाठ धरली. गार. मीटर बघितला, चौतीस. परत पाठ धरली. गार, काय लागतच न्हाय हाताला. मी म्हणलं मीटर बिघडला. आन् तो डबा सारखा टक् टक् करून दिवा बंद करतोय, बाहेर थंडी मी म्हणतीया, आन् हा दिवा बंद करतोय. सरपंच वरच्या फांदीवर गप बसलेला. मला वाटलं, गारठलाय. आता सांगा, मीटर म्हणतोय चौतीस, हात म्हणतोय गार — मी कुणाचं ऐकायचं? मी हाताचं ऐकलं. डबा काढला मधनं आन् वायर डायरेक्ट जोडली. छोटा दिवा काढून मोठा लावला. भोकांतनं ऊब जाती म्हणून भोकांत लोकर कोंबली, वरच्या आन् खालच्या, दोन्ही. आसं बेस काम केलं पावणं, भट्टीचं करतो तसं. आन् तेवढ्यात सम्राटचा फोन — सम्राट म्हंजे आमचा सुपरवायझर, मी रिटायर झालोय पण अडलं की बोलवतोय — मिस्त्री, एका भट्टीचं अस्तर फुटलंय, या. गेलो. अस्तर ठोकायला घेतलं की मधी सोडता येत न्हाय, जोड ऱ्हातोय आन् तिथनंच लोखंड फुटून बाहेर येतंय. सकाळी नवाला ठोकायला घेतलं, सायंकाळी पाचला सोडलं. घरात आलो साडेपाचला.

मीटरवर छप्पन्न हुतं.

गार बाजूला बावन्न. गार बाजू ऱ्हायलीच न्हवती म्हणा. मी ठेवलीच न्हवती. तो खाली उतरलता, काचंच्या फटीला नाक लावून पडलता, जिथनं जरा हवा येती तिथं. फट मी बुजवली न्हवती, काच सरकावी लागती म्हणून, तेवढीच ऱ्हायलती. काचंवर आतनं सगळं ओरखडं. बघा, खाली बघा, अजून हाईत, पुसलं तरी जाईनात. मी त्येला दोन्ही हातांनी उचलून बाहेर काढला, पाणी मारलं, पंखा लावला, पाणी मारलं. काय उपेग. आन् दुसऱ्या दिवशी सकाळी दात घासताना बघतोय तर हाताच्या पाठीवर हा एवढा फोड. काढताना दिव्याला हात टेकलता म्हणं माझा. मला कळलंबी न्हाय. झोपलो मी त्या हातानं. चुलीवर ठेवलेल्या तव्यासारखा दिवा, आन् मला कळलं न्हाय.

डॉक्टर म्हणाला शुगरनं आन् भट्टीच्या उबंनं नसा मेल्यात. सुई टोचून बघितली त्यानं, कुठं टोचतोय सांगा म्हणाला. मी म्हणलं तुमी टोचायला घ्या तरी. तो म्हणाला, पाच वेळा टोचली आण्णा. आन् म्हणाला हे काल-परवाचं न्हाय. चार-पाच वर्सं तरी झाली असतील.

रडलो न्हाय मी. तुमी तसं बघताय म्हणून सांगतो. काय वाटलंबी न्हाय. वाटाय पायजे, हे कळतंय मला, पण वाटत न्हाय. त्याच सायंकाळी मागं जास्वंदीखाली पुरला, हात धुतलं, सात वाजलं. फोन आला. "आण्णा, गरम बाजू?"

मी चौतीस म्हणलं.

आन् मग ते खोटं पडू नये म्हणून दुसऱ्या दिवशी डबा परत बसवला, छोटा दिवा लावला, भोकं मोकळी केली. अकरा दिवस झालं ही पेटी चालू हाय. आत कोण न्हाय. पण चौतीस आन् सव्वीस, तंतोतंत. मी सायंकाळी सातला चष्मा लावून आकडं वाचतो आन् तिला सांगतो, आन् आकडं खरं असत्यात. खाण्याचं तेवढं खोटं सांगतो. शेवगा खाल्ला म्हणतो. फोटो मागिटला तर जुना पाठवतो, मोबाईलमधी दोनशे फोटो हाईत त्येचं. परवा म्हणाली, आण्णा, काल नीट झोपलासा का? तिनं कवा इचारलं न्हवतं असं. मी परत चौतीस म्हणलं.

सांगून टाकायचं? तुमी सगळं सोपं समजताय मास्तर. सरडा मेला हे सांगणं सोपंच हाय, ती रडंल, जेवायची न्हाय एक दिवस, डॉक्टर हुणारी पोरगी हाय, मरणं बघितल्यात तिनं. पण ती इचारणार, कसा मेला. डॉक्टर हाय न्हवं, ती इचारणारच. डबा का काढला? मीटर चौतीस दाखवत हुता तर का काढला? आन् मी म्हणणार, हाताला गार लागलं. आन् ती म्हणणार, हात दाखवा. आन् मग — मग तिला कळणार.

तिची आई तीन वर्सांमागं गेली, श्रावणात. पडून हुती दोन दिवस, अंग दुखतंय म्हणायची, दम लागतोय म्हणायची. तेजू म्हणाली, आण्णा, ताप असंल, थर्मामीटर आणा कुठनं तरी. आमच्यात थर्मामीटर न्हवता. मी म्हणलं, माझ्या हातापरास चांगला थर्मामीटर कोल्हापुरात मिळणार न्हाय. आन् कपाळावर हाताची पाठ लावली. गार हाय म्हणलं. ताप न्हाय. दुसऱ्या दिवशी परत लावली, सकाळी, दुपारी, सायंकाळी. गार. तेजूची आई म्हणाली, तुमी हात लावलासा की बरं वाटतंय. तिसऱ्या दिवशी तिला उठता येईना तवा दवाखान्यात नेली, नर्सनं काखेत काच लावली, एकशे चार. न्यूमोनिया, दोन्ही बाजूला. दोन दिवस आधी आणायला पायजे हुतं म्हणाले. चार दिवसांनी गेली.

आन् पोरगी मला काय म्हणाली ठावं हाय? मी दवाखान्याच्या जिन्यावर बसलतो, माझ्या शेजारी येऊन बसली आन् म्हणाली, आण्णा, तुमी काय मनाला लावून घेऊ नका. ताप चढतोय-उतरतोय. तुमी हात लावला तवा उतरला असंल. तुमचा हात चुकत न्हाय.

त्या एका बोलण्यावर तिनं मला माफ केलंय पावणं. त्याच्यावरच ती रोज सातला फोन करती. आन् मीबी त्येच्यावरच झोपत आलोय. आता तिला समजलं की हात तवाच मेलता — चार-पाच वर्सं म्हणाला डॉक्टर, तिला हिशोब करायला किती वेळ लागणार हाय — तर ताप उतरलाच न्हवता. दोन्ही दिवस हुता. कपाळ जळत हुतं तिचं, आन् मी वर हात ठेवून पोरीला सांगत हुतो, गार हाय.

कुणाला बोललो न्हवतो हे. तुमाला कशाला सांगिटलं काय ठावं. तुमचं नाव सुदीक मला ठावं न्हाय, मोबाईलवर इग्वानावाले म्हणून लिवलंय.

म्हणून म्हणतोय, तुमचा द्या मला. सारखाच हाय, हिरवाच हाय, जाहिरातीत बघितलं मी. आता दम खाल्ला असंल त्यानं, काढा शाल. हळू. हां. आयला, गुबगुबीत हाय की, चांगला ठेवलासा. ये की रं. भितोय. बघू, पाय बघू त्येचा. न्हाय, डावा. फुडचा. धरा जरा तुमी, माझ्या हातानं जोर किती लागतोय ते मला कळत न्हाय. एक, दोन, तीन, चार, पाच. सगळी हाईत. आमच्याचं मधलं नख न्हवतं, लहान असताना खिडकीच्या जाळीत अडकून तुटलतं. तेजूनंच पट्टी केलती, तिची पैली पट्टी. ती आली की पैल्यांदा तोच पाय धरणार. तर पावणं, आसं केलं तर — म्हंजे बघा, एक नख हाय फकस्त. मुळापासनं काढलं तर? तुमी धरायचं आन् मी पक्कड — घरात हाय पक्कड, बारीक हाय. लई दुखतंय काय त्येला? क्षणाचं काम. हळद लावू. संक्रांतीपतूर भरून निघंल. तिला कळणार —

व्हय. ठेवा. शाल घाला त्येच्यावर.

बरोबर करतायसा. मीबी दिला नसता. ह्या असल्या माणसाच्या हातात मी माझा दिला नसता. काय म्हणालो मी आत्ता? पक्कड म्हणालो. त्येला दुखंल का म्हणून तुमाला इचारत हुतो, आन् मला इचारायलाच लागतंय, कारण मला सोताला कळतच न्हाय कुठं काय दुखतंय ते. न्हाय न्हाय, रागावलो न्हाय तुमच्यावर. बसू नका आता. उशीर हुईल तुमाला, शिरोली नाक्याला गर्दी लागंल.

एक काम करा जाता जाता. ते बटण दिसतंय न्हवं, पेटीच्या बाजूला, पांढरं? ते बंद करा. माझ्यानं हुईना झालंय, अकरा दिवस झालं, हात जातोय तिथवर आन् परत येतोय. दाबा. हां. गेला दिवा. मीटर चालूच हाय, तो सेलवर हाय. किती? चौतीसच दाखवणार, लगेच उतरायचा न्हाय, बांधलीय मी. सातपतूर तीसच्या खाली यायची न्हाय ही, आन् मग मी परत काहीतरी बोलंन तिच्याशी फोनवर, तीस हाय, दिवा बदलतोय, असं काहीतरी बोलंन. मला मी ठावं हाय. म्हणून ती काचबी सरकवा. अजून. पुरी सरकवा, लागती जरा ती खाली, जोर लावा. सरकली? जाऊ द्या सगळी ऊब. खोलीएवढंच हुईल मग सातपतूर. गरम बाजू तेवीस. गार बाजूबी तेवीस. दोन्हीकडं सारखंच. एवढं सांगिटलं की बास हाय, ती डॉक्टर हाय, फुडचं तिला इचारायची गरज न्हाय. आन् इचारलंच तर हाताचंबी सांगीन. दोन्ही येळचं.

जावा तुमी. क्रेट आडवं धरू नका, त्यो भ्यालाय. आन् गाडीची काच वर घ्या, आता वारं सुटंल.